उलटा छापलेला रस्ता

अशोका गार्डनहून निघालेल्या सिटी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेक बसले होते. मुलाच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

“आई, माझा प्रोलॉग भाषेतला प्रोग्रॅम बसचा रस्ता बरोबर शोधतो. फक्त उलटा छापतो. प्रत्येक नवा स्टॉप यादीत सगळ्यांच्या पुढे लागतो ना, म्हणून.”

“म्हणजे आधी पोचायचं, मग निघायचं?”

“तसं दिसतं. पण मी जुगाड केलाय. प्रश्नच उलटा टाकायचा. अरेरा कॉलोनीहून अशोका गार्डन विचारलं, की अशोका गार्डनहून अरेरा कॉलोनी छापून येतं. एकदम बढिया.”

“आशय, गेल्या प्रॅक्टिकलला नापास कशात झालास?”

“ह्याच्यातच.”

“आजच्या परीक्षेत प्रश्न कोण टाइप करणार?”

“बाहेरून येणारे सर.”

“त्यांना सांगशील, सर, अरेरा कॉलोनीला जायचं असेल तर तिथूनच निघा?”

“नाही सांगता येणार.”

“यादी सरळ करायला किती वेळ लागतो?”

“एक ओळ लिहायची.”

“मग?”

“बॅटरी चार टक्के उरलीय.”

“बाकीची मला जुगाड समजावण्यात गेली. लिही.”