ब्लूज कोणत्या सदरात बसवायचं?

विषय : सोसायटीचं सभागृह एका संध्याकाळपुरतं मिळण्याबाबत. संदर्भ : माझा अर्ज, त्यावरची माझीच स्मरणपत्रं, आणि सेक्रेटरींनी जिना उतरता उतरता दिलेलं तोंडी उत्तर, 'बघू, काका.'

तर उपरोक्त विषयास अनुसरून तुम्हाला सांगतो, जन्मभर कारकुनी केली, लोकांचे अर्ज अडवण्यात केस पांढरे केले, पण अर्ज अडवायला इतकं साधं कारण मला कधी सुचलं नव्हतं. सभागृहाच्या नियमावलीत सदरं दोनच. एक, आनंदाचे प्रसंग. दोन, शोकसभा. आनंदाला स्पीकर आणि फुगे चालतात, शोकाला सतरंजी मिळते. सेक्रेटरी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे फरशीवाले. विचारतात, "काका, कार्यक्रम कसला?" म्हटलं, ब्लूजचा. "म्हणजे कसली गाणी?" म्हटलं, दुःखाची. "मग शोकसभेत टाकू." अहो, पण ऐकून बरं वाटतं, माणसं ताल धरतात, मधेच हसतात... "मग आनंदात टाकू." पण गाणं तर नवरा सोडून गेल्याचं आहे... "काका, काहीतरी एक ठरवा."

आता हे आनंदाचं की दुःखाचं, तुम्हीच सांगा. मी सोळाव्या वर्षापासून ठरवतोय.

त्या वर्षी आमचा थोरला दादा घर सोडून गेला. वडिलांनी साहेबाच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कचेरीत चिकटवलं होतं, आणि यानं पंधरवड्यात टेबल सोडलं. मग शब्दानं शब्द वाढला आणि हा चालता झाला. घरात कोणी रडलं नाही, ओरडलं नाही. नुसतं त्याचं नाव काढायचं बंद झालं. आई जेवायला घेताना एक ताट जास्त काढायची आणि काही न बोलता परत फळीवर ठेवायची. कारकुनाचं घर, दुःखसुद्धा दोरी बांधून वरच्या कप्प्यात ठेवायची पद्धत.

अशात एका रविवारी लोखंडी खाटेचा पाय मोडला. वडील म्हणाले, "जा, वेल्डरकडून लावून आण." मी पाय काखेत मारून गेलो. शटर अर्धं खाली. वाकून बघतो तर वेल्डर गिटार घेऊन बसलेला, त्याचा मेव्हणा रंगाच्या रिकाम्या डब्यांवर काठ्या आपटतोय, आणि मधोमध स्टुलावर एक बाई गातेय. बाईला बघितलं नव्हतं, पण आवाज अख्ख्या गावाला पाठ होता. टेलिफोन ऑपरेटर. आठवडाभर सगळ्यांना 'थांबा, लाइन बिझी आहे' सांगणारी ती हीच. गात काय होती?

'पहाटे उठले, बघते तर दार उघडं.' बरं. मग पुन्हा तेच, जरा वरच्या आवाजात, 'पहाटे उठले, बघते तर दार उघडं.' आणि मग, 'जाणारा गेला, पण घड्याळाला किल्ली देऊन गेला.'

मी हसलो. अहो, हसूच आलं, पळून जाणारा माणूस घड्याळाला किल्ली कशाला देईल? आणि हसता हसता नाक गळायला लागलं, म्हणून पुसायला हात उचलला, तर हातात खाटेचा पाय. वेल्डर म्हणाला, "दे इकडे तो पाय, आणि बस. रविवारी वेल्डिंग गाणं झाल्यावर."

आता हे आनंदाचं की दुःखाचं?

याला ब्लूज म्हणतात हे पुढे कळलं, पण रचना तेव्हाच कळली. रक्तातच होती ना. पहिली ओळ अर्ज. दुसरी ओळ स्मरणपत्र, कारण पहिल्यांदा कोणी ऐकलेलं नसतं. तिसरी ओळ निकाल, आणि निकाल कधीच आपल्या बाजूनं नसतो, पण लागतो तरी. आमच्या घरात तर अर्ज करायचीच सोय नव्हती.

मग काय, दर रविवारी काहीतरी मोडायला लागलं. बादलीची कडी गेली, शेगडीचा पाय गेला, खिडकीचा गज हलवून हलवून मीच सैल केला. वडील म्हणाले, "या घराला झालंय काय?" शेवटी इस्त्रीचं स्टँड घेऊन ते स्वतःच निघाले, "चल, बघू दे तरी हा वेल्डर काय करतो." शटर अर्धं खाली. वडील वाकले, आत आले, स्टँड हातात धरून उभे. बाईंनी तेच गाणं धरलेलं. संपेपर्यंत वडील हलले नाहीत.

परत येताना अर्ध्या वाटेवर म्हणाले, "ती पहिलीच ओळ परत का म्हणते रे?" म्हटलं, पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही म्हणून. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "दादाला एक स्मरणपत्र टाकून पाहू का?" कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून 'दादा' ऐकलं. आणि दारात पाय ठेवताना, हळूच, "बादली कशी आहे आपली?"

दादा आला. उशिरा आला, नोकरी नाही केली ती नाहीच, पण ते फळीवरचं ताट खाली उतरलं. पुढे मी गावातला एक बँड ऐकायचा सोडला नाही, हॉटेलातला नाही, कारखान्याच्या कँटीनमधला नाही. पण पहिलं ते पहिलं.

तर त्या ऑपरेटर बाई आता माझ्याहून म्हाताऱ्या, साहजिकच, आणि त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, आवाजाची खात्री नाही. म्हणून हा अर्ज. ऑपरेशनच्या आधी एक संध्याकाळ, स्टुलावर बसून, माणसांसमोर. एवढंच मागितलं होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, ऐकल्याशिवाय सदर कसं ठरवणार? नमुना ऐकवा." बरं, बाई आणि वेल्डर, आणलं दोघांना सोसायटीच्या ऑफिसात. एक टेबल, पाण्याच्या पंपाचं बटण आणि मोडक्या खुर्च्या. वेल्डरचा हात आता थरथरतो, गिटारवर ठेवला की थांबतो. बाई गायल्या. आवाज घासलेला, पण दार तेच, घड्याळ तेच. फरशीवाल्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

सेक्रेटरी खाकरले. "सुरुवात मला दुःखाची वाटली." खजिनदार म्हणाले, "पण शेवटी मला हसू आलं, ते कशात धरायचं?" सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा म्हणता का? निर्णयाच्या दृष्टीनं."

पुन्हा झालं. मग कळलं, कोरम नव्हता, पुढच्या रविवारी या. पुढच्या रविवारी कोरम होता, पण एकमत नव्हतं. आता रविवारी लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येतात, ऑफिसात मावत नाहीत, जिन्यावर बसतात, वॉचमन फाटक लावून येतो. आणि दर वेळी ठराव एकच, अधिक विचारार्थ पुढे ढकलण्यात यावे. आमची ही म्हणते, "अहो, सभागृह द्यायचंच नाहीये त्यांना. तुम्ही वरपर्यंत तक्रार करा." मी तक्रार लिहायला घेतलीसुद्धा. तर बाईंनीच हात धरला. म्हणाल्या, "राहू दे रे. मंजूर झालं, तर एकच संध्याकाळ मिळेल."

आता हे आनंदाचं की दुःखाचं... जाऊ द्या. ऑपरेशन गुरुवारी आहे. बुधवारी कमिटीनं तातडीची बैठक बोलावली आहे, विषय एकच, नमुना ऐकणे. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.