माझ्या काळजाचं पार्सल

...आणि वर म्हणतात, ‘तू बस, भीमराज!’ अहो, किती बसायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्यात काळजाचा स्नायूच जाड. वडलांचा होता, थोरल्या भावाचा, बुद्धभूषणदादाचा होता, दोघंही चालता-बोलता गेले, आणि आता वारशानं माझ्याकडं आलाय. आमच्या पुनावळ्यात लोकांना वारशात गुंठे मिळतात गुंठे! दारात गाड्या उभ्या राहतात! आणि मला काय? जाड काळीज!

ते कळल्या दिवसापासनं जो भेटेल तो मला बसवतोय. चाकणला कंपनीत लाइनवर होतो, पोरांबरोबर हसतखेळत शिफ्ट जायची. सुपरवायझर म्हणतो, ‘भावा, रिस्क नको, तू बस.’ टाकलं स्टोअरच्या कोपऱ्यात, नट-बोल्टांच्या संगतीला! जयंतीची मिरवणूक, डीजे नुसता पेटलेला, पाय आपोआप हलायला लागले, तर चौघं धावत आले... ‘अरे धरा, धरा त्याला! तू बस!’ मोनिकाचं स्थळ आलं होतं, मला पसंत होती हो, मनापासून. तिच्या आईनं विचारलं, मुलगा कसा आहे? तर आमच्या आईनं काय म्हणावं? ‘सोन्यासारखा आहे, फक्त दमवायचा नाही.’ झालं! पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मी? मी बसलेलो!

आता आईही गेली. अकराव्या मजल्यावर मी आणि टीव्ही.

अशात ऋता मॅडम भेटल्या, हृदयाच्या डॉक्टर. म्हणाल्या, ‘जीन थेरपीची चाचणी सुरू होतेय. तुमच्या एका जनुकात जन्मापासून चूक आहे. बरोबर जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून हृदयापर्यंत पाठवायचं. विषाणू म्हणजे डिलिव्हरी बॉय समजा हो, पार्सल ठेवतो आणि जातो.’ मी म्हटलं, मॅडम, पाठवा! तसंही डिलिव्हरीवाल्याशिवाय माझ्याकडं येतंय कोण?

घरी आलो, दार लावलं आणि आरशासमोर हळूच एक ठेका धरला. म्हटलं, हे जमलं तर पुढच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत! आणि गंमत सांगू? ‘तू बस’ म्हणायला कोणीच नव्हतं घरात. तर तेही चुकल्यासारखं वाटलं हो... बसलो मग आपला आपणच.

मग रक्त तपासलं. मॅडमचा चेहरा पडलेला. ‘भीमराज, तुम्हाला नाही देता येणार. हा विषाणू तुमच्या शरीरात आधीच येऊन गेलाय, बहुतेक लहानपणीच. आता तुमच्या शरीराचा वॉचमन त्याला ओळखतो. पार्सल गेटवरच अडवणार तो.’

मी म्हटलं, आला कुणाकडनं? येतंय कोण माझ्याकडं?

‘सर्दी-खोकल्यासारखा येतो. जवळच्या कुणाकडनं तरी.’

जवळचं माणूस! म्हणजे दादाच असणार. आकुर्डीच्या खोलीत एका गोधडीत झोपायचो आम्ही, एकच पेरू आळीपाळीनं चावायचो, तो दोन घास जास्तच मारायचा. इतका राग आला राव! म्हटलं, दादा, स्वतः गेलास तो गेलास, माझीही वाट अडवून ठेवलीस? आणि त्या रागातच डोळे भरून आले. कारण त्याच्यानंतर माझ्या इतकं जवळ कोणी आलंच नाही... त्या जवळिकीचा रिपोर्टच हातात होता की!

मॅडम म्हणाल्या, ‘दुसरा विषाणू शोधतायत. होईल काहीतरी, पण वेळ लागेल. तोवर तुम्ही...’

‘बसतो!’ म्हटलं.

रिक्षा करून सोसायटीवर आलो. गेटवर नवा वॉचमन. आडवा हात घालून विचारतो, ‘किस के यहाँ जाना है?’ टाळकंच सटकलं! आतला वॉचमन लहानपणचा पाहुणा ओळखून बसलाय, आणि ह्या बाहेरच्याला घरमालक ओळखू येईना! पण चिडायचं नाही ना मला, काळीज जाड... म्हटलं, ‘भीमराजकडे. अकरावा मजला.’

त्यानं शांतपणे इंटरकॉम लावला. माझ्याच घरी! बराच वेळ वाजू दिला बिचाऱ्यानं. मग मान हलवत म्हणाला, ‘साब, घर में कोई नहीं है.’

मी म्हटलं, ‘माहितीये रे बाबा.’