कपाटातलं मीठ

मिठावरून मला कुणी अक्कल शिकवू नका. मी ती एकदा माझ्याच बापाला शिकवलीय. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबांचा अख्खा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला आणि मी वाशीच्या कॉलेजात पेशींचं रसायन शिकवायचो. त्यांना बीपी निघालं, गोळी सुरू झाली, तसं मी घरातलं मीठ कपाटात ठेवून कुलूपच लावलं.

“जेवताना चिमूटभर तरी दे रं.”

“बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

महिन्याभरात ते बरळायला लागले. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच उखडले, “रक्तातलं मीठ पार उतरलंय, मेंदूच्या पेशी पाण्यानं सुजल्यात. या गोळीनं मीठ लघवीतून जातंच, वर जेवणातलंही कुणी तोडलं यांचं?”

सलाईन लावल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले.

“बाटलीत काय हाय?”

“मिठाचं पाणी.”

“मंग सर, तुमची परवानगी हाय ना?”