‘वापर काय, मावशी?’

...आणि वर तोंड करून विचारतो काय, तर ‘मावशी, वापर काय?’ आता तुम्हाला सांगते, पहाटे चारला उठायचं, सोयाबीनचं दूध काढायचं, दीडशे गिऱ्हाइकांना अंड्याच्या पोळ्या करून घालायच्या, मग दुकान बंद करून, केसांतला तेलाचा वास घालवून मी तैपेईच्या त्या सहा मजली कॉम्प्युटर बाजारात गेले ती काय हवा खायला? लॅपटॉप घ्यायचा होता. पर्समध्ये बारा हजार तैवानी डॉलर, त्यावर एक दमडी नाही.

म्हटलं, ‘अभ्यासाला हवाय.’

‘नातवाच्या?’

‘माझ्या.’

तो दुकानातला पोरगा हसला. अगदी सभ्यपणे, ओठ दाबून... पण तीस वर्षं गल्ल्यावर बसलेय मी, दाबलेलं हसू मला लांबून कळतं. अहो, पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती छत्र्यांच्या कारखान्यात मुठी बसवायला लागले. आता एकसष्टाव्या वर्षी संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं, तर आमचे हे, जिन-तू, टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, ‘पास होऊन काय मंत्री होणारेस?’ नाही होणार. पण पास होणार.

तर पहिला दाखवला तो पातळ. ‘पिसासारखा आहे, मावशी.’ किंमत बत्तीस हजार, आणि वायर खुपसायला भोक एकच. बाकीची भोकं? ती म्हणे वेगळी विकत मिळतात. मी जन्मात पहिल्यांदा भोकांचा भाव ऐकला.

दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच, ‘वापर काय?’ म्हटलं, निबंध. त्यानं काढला तो खेळवाल्यांचा. कळांखालून लाल, हिरवे, जांभळे दिवे पळतायत, आत पंखा घुं घुं करतोय, देवळातल्या जत्रेचा रथ बरा. ‘निबंधाला दिवे कशाला रे?’ तर म्हणतो, ‘मूड येतो.’

तिसऱ्यानं पडदा मागं ढकलला तो थेट पाठीवर उलटा. मला वाटलं मोडला, मी पर्स पोटाशी धरून चार पावलं मागं. ‘घडीचा आहे, मावशी, याचं पुस्तक होतं.’ पुस्तकंच हवी तर पुस्तकं नाही का घेणार? चौथा स्वस्त, नऊ हजार. ‘इंटरनेट नसलं तर?’ म्हटलं. ‘तर... फारसं काही नाही.’ आमच्या गल्लीत इंटरनेट पाहुण्यासारखं येतं, टेकतं न टेकतं तोच उठतं.

तेवढ्यात मुलाचा फोन, यू-चेंगचा, शिन्चूहून. ‘आई, काही घे, पण मेमरी सोळाच्या खाली नको.’ अरे, माझी स्वतःची सोळाच्या खाली गेलीये, दुकान चालवतेच ना?

पाय सुजले. तळघरात उतरले ती नुसती बसायला जागा शोधत. तिथं को नावाच्या एक म्हाताऱ्या बाई, चष्मा कपाळावर, हापिसांनी टाकलेली जुनी मशिनं उघडून पुसत बसलेल्या. त्यांनी स्टूल सरकवलं. वापर विचारलाच नाही. म्हणाल्या, ‘वजन किती उचलता?’

‘सोयाबीनचं वीस किलोचं पोतं. रोज.’

‘मग हलकेपणाचे पैसे कशाला देता, ताई?’

सांगते तुम्हाला, मला रडूच यायचं बाकी होतं. दिवसभरात कुणी मला ‘ताई’ म्हटलं नव्हतं, आणि कुणी सरळ हिशेबही सांगितला नव्हता. काळा, जाड, विटेसारखा, भोकंच भोकं, साडेआठ हजार. काखेत मारून घरी आणला. ह्यांनी विचारलं, ‘हे काय, इस्त्री?’

अकरा दिवस एका बोटानं टाइप करत होते. पोळी उलटायची, एक अक्षर दाबायचं. निबंध झाला एक पान, ‘छत्री’ या विषयावर. नऊदा वाचला. पाठ झाला.

वर्गात गेले, वीट बाकावर ठेवली, बाक कुरकुरलं. आमचे लिन सर, वयानं यू-चेंगएवढे, फार गोड बोलतात. म्हणाले, ‘आजी-आजोबांनो, हल्ली कॉम्प्युटरच निबंध लिहून देतो, त्यामुळे यंदापासून सगळे निबंध हातानं लिहायचे.’

वीट पिशवीत घातली, कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात गेले, म्हटलं, ‘एक पेन दे.’

ती मुलगी वळली, मागं भिंतभर पेनं... ‘जेल की साधं? टोक शून्य पूर्णांक अडतीस की पाच? पुसता येणारं हवंय की न पुसणारं? मावशी, वापर काय?’

म्हटलं, ‘बाळ, उचलून देशील ते. पण आधी स्टूल दे.’