ट्यूबवरची तारीख

शोभेच्या माशांच्या दुकानात तो खाद्याची पुडी घेऊन रांगेत उभा होता. पुढच्या काकांचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

“टाकीवरच्या ट्यूब काढून एलईडी लावले, तर चार दिवसांत प्रवाळ पांढरंफटक! हिचं फार लाडकं हो. मेलं का?”

“एवढ्यात नाही मरत. पहिल्याच दिवशी पूर्ण उजेड सोडलात?”

“मग काय, गॉगल घालू त्याला?”

“काका, एलईडीचा उजेड हळूहळू वाढवायचा असतो. जुन्या ट्यूब आहेत?”

“आहेत. बसवल्याची तारीख तिनं प्रत्येकीवर लिहिलीय. फेकवेना.”

“कधीची?”

“दीड वर्षापूर्वीची. ती गेल्यावर मी बदलल्याच नाहीत.”

“म्हणजे मंद झाल्या असतील.”

“अगदीच.”

“मग त्याच लावा. सध्या त्याला तेवढाच उजेड सोसेल.”

“लावतो. तारीख समोरून दिसेल अशा.”