वत्सलाबाईंच्या वाती

मंडळी, आधी एक प्रश्न विचारते, मगच आख्यानाला हात घालते. ज्याचं तोंड आपण कधी पाहिलं नाही, ज्याचा आवाज कधी ऐकला नाही, त्याला दिलेला शब्द – शब्द असतो का? आणि त्याला मारलेली थाप – थाप असते का?

घाई करू नका. पुढच्या रांगेतल्या काकूंनी लगेच मान हलवली. असते म्हणतात. बरं. मग दारावर विक्रेता आला की आतूनच 'घरात कुणी नाही' असं ओरडून सांगतं, ते कोण? हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं फारसं हसायला मिळणार नाही.

तर ऐका. कराडला भांड्यांचं एक दुकान. मालक मोरेश्वर तांबट, वय पंचावन्न. बायको कुमुद. मूलबाळ नाही. दुकान दोघांनीच चालवायचं. तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, ती मागं स्टुलावर चढून फळीवरची भांडी काढायची. माणूस वाईट नव्हता हो. वजनात मारणार नाही, पातळ पत्रा जाड म्हणून देणार नाही. आणि त्या घराण्याचा एक नियम होता. भांडं विकलं की त्यावर नाव घालायचं. तुमच्या आजीच्या तांब्यावर आहे ना ठिपक्याठिपक्यांचं नाव, तेच. छिन्नी आणि हातोडी. छिन्नी एकदा काठाला टेकली की भांडं त्या माणसाचं. मग प्रत्यक्ष राजा आला तरी ते दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि छिन्नी टेकायच्या आधी? आधी दुकानदार मोकळा. कुणी दोन पैसे जास्त देत असेल तर खुशाल द्यावं. तीन पिढ्या हे असंच चाललं.

पण आता मोडीत येणाऱ्या जुन्या वस्तू मोरेश्वर फोनवर लिलावाला लावू लागला. चिंचेनं घासायच्या, फोटो काढायचा, सात दिवसांची मुदत. लोक घरबसल्या बोली लावतात, मुदत संपताना ज्याची बोली वर त्याची वस्तू. पहिल्यांदा त्यानं एक लामणदिवा लावला. साखळीवर हंस असलेला, ओतीव पितळेचा. पाचव्या दिवशी सगळ्यात वरची बोली होती वेंगुर्ल्याकडच्या कुणा वत्सला केळुसकर यांची. त्याच दुपारी एक रिसॉर्टवाला गाडीतून उतरला, दिवा पाहिला, दुप्पट देतो म्हणाला, आत्ताच नेतो म्हणाला.

मोरेश्वरनं फोन उचलला आणि लिलाव रद्द केला.

कुमुद मागून म्हणाली, त्या बाईंची बोली लागलीय ना? तो म्हणाला, छिन्नी कुठं टेकलीय? ती म्हणाली, बोलीला छिन्नी लागत नाही. तो हसला. आता, लिलाव रद्द करताना फोन कारण विचारतो. खरं कारण लिहायची सोय असते, पण लिहितं कोण? त्यानं लिहिलं – दिव्याला तडा गेला.

संध्याकाळी निरोप आला. 'भाऊ, तडा गेल्याचं वाचलं. जुनी वस्तू, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. उचलताना हाताला लागलं नाही ना? – वत्सला केळुसकर.'

कुमुदनं वाचलं आणि त्याचा उजवा हात धरून उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "हात धड आहे, असं कळवा तिला. तेवढं तरी खरं होईल."

पंधरा दिवसांनी रिसॉर्टवाला दिवा घेऊन परत आला. दिवा पडला नव्हता, आपटला नव्हता. नुसता टांगलेला होता. काठापासून बुडापर्यंत तडा. मोरेश्वरनं नखानं टिचकी मारली. चांगलं पितळ घुमतं, मंडळी. हे बद्द वाजलं.

आता तुम्ही म्हणाल, चमत्कार. मी तसं म्हणत नाही. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला, वर्षानुवर्षं वातीची आच लागली, की जातो तडा. याला कारण आहे. मी तुम्हाला फक्त क्रम सांगते. आधी काय लिहिलं गेलं आणि मग काय झालं.

दुसरी वस्तू समई. कमरेएवढी उंच, वर मोर. पुन्हा वत्सलाबाईंची बोली वर. पुन्हा दुकानात एक जण आला, कोल्हापूरचा, मंडप सजवणारा. पुन्हा लिलाव रद्द. या वेळी कारण – दुकानात पाणी शिरलं, माल खराब झाला.

निरोप आला. 'भाऊ, आधी तडा, आता पाणी. तुमच्यामागं हे काय लागलंय? मी रोज संध्याकाळी तुमच्या नावानं एक वात लावते.'

वैशाख होता. आभाळात ढगाचं नाव नाही. आठव्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेला तर शटरखालून पाणी. वरच्या मजल्यावरची टाकी फुटली होती, उन्हानं तडकून. कुमुद घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून पुठ्ठ्याची खोकी उचलत होती. ती काही बोलली नाही. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

इथं माणूस शहाणा होतो की नाही? होतो! पण किती होतो ते बघा. मोरेश्वरनं मनाशी ठरवलं – पुन्हा मालाबद्दल खोटं लिहायचं नाही. मालाबद्दल. एवढाच धडा घेतला त्यानं.

तिसरी वस्तू आली ती मात्र जन्मात एकदा हाताला लागावी अशी. दीपवृक्ष. खोडाला फांद्या, प्रत्येक फांदीला वाटीएवढा दिवा, असे एकवीस. लिलावाला लावला आणि पहिल्याच दिवशी वत्सलाबाईंची बोली आली. चौथ्या दिवशी सिनेमाच्या नेपथ्याचं सामान गोळा करणारा एक जण येऊन सौदा करून गेला, सोमवारी टेम्पो पाठवतो म्हणाला. मोरेश्वर फोन घेऊन बसला. कारण काय लिहावं? तडा नको. पाणी नको. आग, चोरी – छे, दुकानाला काही नको. वस्तूला अपशकून नको.

त्यानं लिहिलं – पत्नी अंथरुणाला खिळली आहे, उठवत नाही.

हे लिहिलं तेव्हा कुमुद त्याच्यामागं चार हातांवर स्टुलावर उभी होती. वरच्या फळीवरून परात काढत होती, आणि गुणगुणत होती.

पाच मिनिटांत निरोप. 'अरेरे. वहिनींचं नाव काय? नाव कळलं तर त्यांची वेगळी वात लावीन.'

इथं जरा पेटी थांबवा, गुरव. मला हे शांतपणे सांगायचंय. त्यानं उत्तर दिलं. चार अक्षरांचीसुद्धा गरज नव्हती, तीन पुरली. कुमुद. आणि पाठवून झाल्यावर त्याच्या अंगावर काटा आला. कारण नाव घालणाऱ्याच्या कुळात जन्मलेला माणूस तो. नाव घातलं की काय होतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

तिसऱ्या दिवशी कुमुद म्हणाली, तळव्यांना मुंग्या आल्यात. चौथ्या दिवशी स्टुलावर चढताना पाय उचलेना. पाचव्या दिवशी गुडघ्यापर्यंतची ताकद गेली, आणि तिला दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून नसांवर उलटते, ताकद पायांपासून जात जात वर चढते. इंजेक्शनं सुरू केलीत. बहुतेक जण बरे होतात. पण छातीपर्यंत चढलं तर श्वास यंत्रावर घ्यावा लागेल. पुढचे तीन-चार दिवस महत्त्वाचे.

मोरेश्वर बाकावर बसला आणि त्यानं वेंगुर्ल्याला सगळं लिहिलं. मी खोटारडा आहे. तडा गेला नव्हता, पाणी शिरलं नव्हतं, बायको ठणठणीत होती. माझं काही खरं मानू नका.

उत्तर आलं. 'भाऊ, दुःखात माणूस स्वतःलाच दोष देतो. पस्तीस वर्षं परिचारिका होते, फार पाहिलंय. मी वहिनींच्या वातीत तूप वाढवलंय.'

आता करता काय? थाप मारायला एक ओळ पुरली, आणि ती पुसायला पानभर मजकूर पुरेना. त्यानं कुमुदला सगळं सांगितलं. तोवर तिच्या मांड्याही गार पडल्या होत्या. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "पुष्पाला बोलवा माझ्याजवळ. आणि तुम्ही जा. न दिसता फसवलंत ना तिला, आता दिसून सांगा."

कुमुदची बहीण पुष्पा आली. सोमवारचा टेम्पो नकार ऐकून रिकामा गेला. मोरेश्वर दीपवृक्ष गोणपाटात बांधून एसटीत बसला. वाटेत दोनदा पुष्पाचा फोन आला. दुपारी म्हणाली, कमरेपर्यंत आलंय. पुढचा फोन त्यानं उचलला तो घाबरतच. ती म्हणाली, डॉक्टर छातीवर हात ठेवून श्वास मोजतायत.

दिवेलागणीला तो त्या गावात पोचला. दारात सत्तरीची बाई, चष्म्याला मागून दोरा बांधलेला. त्यानं नाव सांगितलं. तिनं गोणपाटाकडं पाहिलंच नाही. पहिला प्रश्न – वहिनी कशा आहेत?

त्यानं सांगायला तोंड उघडलं, तोच आतली खोली दिसली.

जमिनीवर ओळीनं पणत्या. साठ-सत्तर असतील. प्रत्येकीत एक वात, प्रत्येकीखाली एक चिठ्ठी. आवाज नाही, वारा नाही. तो वाकून वाचू लागला. साताऱ्याचा कुणी – मुलाला अपघात. नागपूरची कुणी – घर जळालं. जालना – आई गेली. सोलापूर – डोळे गेले.

वत्सलाबाई म्हणाल्या, "सगळे तुमच्यासारखेच, भाऊ. मी ज्यांच्या लिलावात बोली लावली ते. मला एक मोठा दिवा हवाय म्हणून शोधते, आणि ज्याच्याकडं जाते तो बिचारा संकटात असतो. मग त्याची एक पणती वाढते. मग आणखी मोठा दिवा लागतो."

त्यानं विचारलं, या तीन चिठ्ठ्यांची घडी का घातलीय?

"त्यांचं पुढं कळलं. त्यांच्या घरून निरोप आला, गेल्याचा." एवढंच बोलल्या.

मंडळी, मोरेश्वर तिथंच जमिनीवर बसला, आणि त्यानं सांगितलं. लिहिलं होतं तेच, पण आता तोंडानं, तिच्या तोंडाकडं बघत. रिसॉर्टवाला, मंडपवाला, सिनेमावाला. स्टुलावर गुणगुणणारी कुमुद. आणि त्या माणसाचं तोंड बघून वत्सलाबाईंना पटलं. पटलं ते दिसलं. त्या बाईचा चेहरा, लामणदिव्याला तडा गेला होता ना, तसाच वरपासून खालपर्यंत...

मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे त्या आजारी नाहीत?"

आणि इथं तो अडकला. 'नाहीत' म्हणावं तर पुन्हा खोटं. 'आहेत' म्हणावं तर पहिलं खोटं खरं ठरतं. तुम्ही काय म्हणाला असता? मी विचारते, खरंच सांगा.

तो म्हणाला, "लिहिलं तेव्हा नव्हती. आता आहे."

त्यांनी कुमुदची पणती उचलली. वात जळत होती. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात – कुमुद, कराड, अंथरुणाला खिळलेली. त्यांनी विचारलं, "मग ही विझवू की राहू दे?"

विझवली तर खोट्यानं लावलेली वात जाईल, पण खरंच आजारी असलेल्या बाईसाठी या जगात जो एक दिवा जळत होता तोही जाईल. ठेवली तर ते खोटं तसंच तेवत राहील. कळतंय ना? दोन्ही वाटा त्यानं स्वतःच बांधून घेतल्या होत्या.

मोरेश्वरनं हात पुढं केला आणि पणतीखालची चिठ्ठी मागितली. वात नको विझवायला, म्हणाला, लिहिलेलं बदलू द्या. त्यांनी पेन दिलं. त्यानं जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली लिहिलं – वरची ओळ मोरेश्वरनं लबाडीनं लिहवली. कुमुदचं त्यात काही नाही. जे असेल ते माझ्या नावावर. आणि खाली पूर्ण नाव घातलं.

फोन वाजला. पुष्पा होती. ताकद कमरेशीच थांबलीय, वर चढली नाही, श्वास चांगला आहे.

आता शास्त्र विचाराल तर इंजेक्शनांचा तो चौथा दिवस होता, आणि हा आजार एका टप्प्यावर थांबतोच. कुमुद तीन महिन्यांनी काठी घेऊन उभी राहिली. काठी अजून आहे. मोरेश्वरच्या पायांना तेव्हापासून मुंग्या येतात, डॉक्टरांना काही सापडत नाही. मी फक्त क्रम सांगते.

पण आख्यान इथं संपत नाही. त्यानं गोणपाट सोडून दीपवृक्ष खोलीत उभा केला, नमस्कार केला आणि निघाला. तेव्हा वत्सलाबाईंनी त्याला थांबवलं. त्या पणत्यांच्या ओळींमध्ये उभ्या होत्या, आणि पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही या धंद्यातले. यातल्या खऱ्या कुठल्या, तेवढं सांगून जा. मी कुणाची विझवू?"

त्याला सांगता आलं नाही. कुणाला येईल? त्यात एखादीचं घर खरंच जळालं असेल. म्हणून त्यांनी एकही विझवली नाही. आजही संध्याकाळी त्या सगळ्या वाती लागतात, खऱ्याच्याही आणि लबाडाच्याही. आणि प्रत्येक वातीखाली जे लिहिलंय ते त्या बाईंनी मनापासून मानलेलं आहे. खोटं बोलणारा विसरतो हो. मानणारा विसरत नाही. त्याचा विश्वास खरा असतो, आणि खऱ्या वस्तूला कुठंतरी जाऊन बसायला जागा लागते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं लिलाव करतो? नका करू. पण या आठवड्यात कुणाचा तरी तगादा चुकवायला, कामावर दांडी मारायला, लग्नाचं आमंत्रण टाळायला तुम्ही फोनवर कुणालातरी एक कारण कळवलंत. आईला बरं नाही म्हणालात. मुलाला ताप आहे म्हणालात. पलीकडच्यानं 'काळजी घ्या' म्हणून उत्तर पाठवलं, आणि तुम्ही फोन खिशात टाकलात.

आत्ता दिवेलागण होतेय. घरी जाल तेव्हा ज्याचं नाव तुम्ही घेतलं होतंत, त्याच्या तोंडाकडं एकदा नीट बघा. आणि जमलं तर त्या पलीकडच्याला, उद्या नाही, आजच तोंड दाखवून या.