नानांचा परतबोल

काकू, घरची सगळी मंडळी, सबस्टेशनची आणि ऑफिसची माणसं, आणि पेठकडून सकाळची एसटी धरून आलेले वायरमन भाऊ,

मी कागदावर लिहून आणलं होतं. चांगली दोन पानं. आत्ता दारात काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कागद बघून बोलू नको गं, त्यांना आवडायचं नाही." कागद पर्समध्ये ठेवलाय. आता येईल तसं बोलते. मध्ये थांबले, तर थांबू द्या मला. समोर नानांचा फोटो आहे आणि फोटोतही ते माझी चूक शोधत असल्यासारखेच बघतायत.

मी स्मिता. वीज कंपनीची नाही. कंपनीला सॉफ्टवेअर करून देणारं एक छोटं ऑफिस आहे कॉलेजरोडला, तिथली. नाना गांगुर्डे सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून लागले, इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि त्यानंतर आम्हाला सल्ला द्यायला आमच्याकडे येऊ लागले. सल्ला हा शब्द फारच सभ्य झाला. नाना आमची हजेरी घ्यायचे.

नाना आले त्या पहिल्या दिवसाचं सांगते. काम मोठं होतं. कंपनीत बिलांची सिस्टीम एक. तक्रारींची दुसरी. मीटरची तिसरी. कुठलं घर कुठल्या खांबावर, तो नकाशा चौथा. आणि कुठली लाइन चालू, कुठली बंद, ते दाखवणारी सबस्टेशनची पाचवी. पाचही वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या. एकीचं दुसरीला काही ठाऊक नाही. सिन्नरला लाइट गेली, की तक्रार केंद्रातल्या मुलीने दोन फोन कानाला लावायचे, तीन स्क्रीन बघायचे आणि तरी ग्राहकाला सांगायचं, "बघतो." या पाच जणींना एकमेकींशी बोलतं करायचं, हे आमचं काम.

मी हुशार. म्हणजे मला तसं वाटायचं. मी पाचही सिस्टीम एकमेकींना थेट जोडून टाकल्या. फळ्यावर चित्र काढलं. नुसत्या रेघाच रेघा. नाना बघत बसले आणि म्हणाले, "पाचही घरांची एकमेकांत सोयरीक केलीस की तू. आता एका घरात भांडं वाजलं, की पाचही घरांची झोप उडणार."

मला राग आला. पंधरा दिवसांत बिलांच्या सिस्टीममध्ये कुणीतरी एक रकाना वाढवला आणि आमचा नकाशा बंद पडला. नाना हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

नाना मूळचे येवल्याचे. घरात माग होता. ते म्हणाले, "आमची आई म्हणायची, धागा तुटला तर तेवढाच सांधता आला पाहिजे, पदर उसवायची वेळ येऊ नये." आणि मग फळा पुसून त्यांनी पाच चौकोन काढले. प्रत्येकाला एक खिडकी. "खिडकीवर पाटी लाव. इथे काय मिळेल, कसं मागायचं. बस. आत कोण कसं राबतं, ते बाहेरच्याने विचारायचं नाही. उद्या आतला माणूस बदलला, यंत्र बदललं, तरी पाटी तीच राहील."

मंडळी, कॉलेजात हेच मी जाडजूड पुस्तकातून शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. मला ते कळलं त्या दिवशी, त्या पाच खिडक्यांपाशी.

खिडक्यांवरून आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं ते परतबोलावरून.

परतबोल हा नानांचाच शब्द. घरच्या मंडळींना समजावं म्हणून सांगते. वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. म्हणजे त्याच्या नावावर ती लाइन बंद होते. काम झालं, की खाली उतरायचं, माणसं मोजायची, हत्यारं मोजायची आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, ते परत करायचं. ऑपरेटरने ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं. मगच लाइन चालू. नुसतं "हो" नाही चालत. नाना म्हणायचे, "हो कुणीही म्हणतं गं. घाईतही म्हणतं. ज्याने ऐकलंच नाही, तो तर आधी म्हणतो."

नानांचं म्हणणं, आपल्या खिडक्यांनाही हाच नियम लाव. एका सिस्टीमने निरोप दिला, तर दुसरीने "मिळाला" एवढंच म्हणायचं नाही. काय मिळालं ते परत सांगायचं. पहिलीने ते तपासायचं. आणि जिथे माणूस खांबावर आहे, तिथे त्या माणसाच्या आवाजाशिवाय पुढे सरकायचंच नाही.

मी म्हणाले, "नाना, वेळ जातो. जग कुठे चाललंय आणि तुम्ही आवाज काय म्हणताय!"

नाना म्हणाले, "बरं. चाचणी घे."

आता जे सांगणार आहे, ते आजवर पाचच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक फोटोत गेला. उरलेल्या चौघांत मी एक. नानांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात नाही, घरी काकूंनाही नाही. मीच सांगायला हवं होतं. आज सांगते.

पेठ भागातल्या एका लाइनवर आम्ही चाचणी घेतली. दुपारची वेळ. मी सबस्टेशनला ऑपरेटर उगले यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. हिरामणभाऊ भोये परमिट घेऊन खांबावर चढले होते. हिरामणभाऊ, तिसऱ्या रांगेत आहात ना? हां.

मी सिस्टीममध्ये असं बसवलं होतं, की लाइट आल्याचं ग्राहकाने कळवलं, तर तक्रार मिटली. तक्रार मिटली, म्हणजे काम झालं. काम झालं, म्हणजे परमिट परत. किती सोपं! शेजारच्या पाड्यावरच्या एका मावशींची लाइट आली. त्यांनी बिचारीने फोन करून सांगितलं, "आली हो लाइट." पण त्यांचं घर दुसऱ्याच लाइनवर. नकाशात चुकीच्या खांबावर दाखवलेलं. तक्रार मिटली. माझा निरोप खिडकीतून खिडकीत धावला आणि उगल्यांच्या स्क्रीनवर परमिट हिरवं झालं. परत आलं, असं दिसू लागलं.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. माझं सगळं पहिल्याच झटक्यात चाललं होतं ना!

उगले हलले नाहीत. म्हणाले, "हिरामणचा आवाज नाय आला, ताई."

मी म्हणाले, "अहो, हिरवं झालंय. द्या ना लाइन."

"हिरव्याने नव्हतं घेतलं परमिट. हिरामणने घेतलं होतं."

मग मी जे बोलले, ते आठवलं की अजून कान तापतात. मी म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसांमुळेच इथे काही बदलत नाही." वयाने माझ्या वडिलांएवढ्या माणसाला. उगल्यांनी हाताची घडी घातली आणि बसून राहिले. नानांच्या हाताखाली तयार झालेला माणूस तो. डोंगरात फोनला रेंज नव्हती. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

वीसेक मिनिटांनी फोन वाजला. स्पीकरवर वारा ऐकू येत होता. आणि वाऱ्यात आवाज, "उगले साहेब, मी अजून वरच हाय. नट लय गंजलाय. वर थोडी रेंज घावली म्हणून सांगतो, लाइन देऊ नका."

वरच हाय.

मंडळी, मी लॅपटॉप मिटला. मी "द्या ना लाइन" म्हणाले होते. स्वतःच्या तोंडाने. दोनदा म्हणाले की तीनदा, तेही आठवत नाही.

संध्याकाळी नानांना फोन केला. वाटलं, आता ऐकावं लागणार. नाना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी स्टँडवर ये. पेठला जाऊ." हिरामणभाऊंच्या घरी गेलो. नाना म्हणाले, "काय झालं, ते तू सांग." मी सांगितलं. सगळं. वहिनी चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता हाकलून देतील. हिरामणभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग आता काय करशाल, ताई?"

बस, एवढंच. शिवी दिली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण हा प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. वहिनींनी पानात भाकरी वाढली. ती मी कशी खाल्ली, माझं मला माहीत. येताना एसटीत नाना म्हणाले, "उगल्यांची माफी मागशीलच. ते वेगळं. पण हिरामणची नुसती माफी मागू नकोस, त्याला नियम दे."

आणि आम्ही परतबोल बसवला. सहा महिने लागले. मीटरची खिडकी बोलते, तक्रारीची परत म्हणते. नकाशाची खिडकी चुकलं तर म्हणते, "थांबा, हे घर माझ्याकडे दुसऱ्या खांबावर आहे." आणि परमिटच्या खिडकीवर पाटी आहे: ज्याने घेतलं, त्याचाच आवाज. तक्रार केंद्रातली मुलगी आता एकच स्क्रीन बघते आणि सांगते, "आजी, तुमच्या मागच्या गल्लीत काम चालू आहे, माणूस खांबावर आहे, थोडं थांबा." आणि खरं सांगू? माणूस खांबावर आहे म्हटलं, की लोक थांबतात. भांडत नाहीत. हे आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. नानांना वाटलं होतं.

आता शेवटचं.

येत्या सोमवारी ही सगळी व्यवस्था एका तालुक्यातून जिल्ह्यातल्या सगळ्या सबस्टेशनला जाणार आहे. मागच्या महिन्यात कंपनीच्या वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की परतबोलामुळे वेळ लागतो, तो ऐच्छिक करावा. ऐच्छिक म्हणजे काय, ते आपण सगळे जाणतो. हेल्मेट ऐच्छिक केलं तर किती जण घालतील? पण मी दमले होते. तारीख डोक्यावर होती. "चालेल" असं उत्तर लिहून ठेवलं होतं मी. पाठवायचं तेवढं बाकी होतं.

त्याच आठवड्यात नानांना दवाखान्यात भेटायला गेले. नाकाला नळी. आवाज अगदी बारीक. विचारलं काय, तर, "परतबोल काढतायत म्हणे?"

मी म्हणाले, "बघते, नाना."

डोळे मिटूनच म्हणाले, "बघते हा परतबोल नव्हे."

नाना, मी तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. मी तुमची उशी सारखी केली, तुमचं मोसंबं सोलून ठेवलं आणि निघाले. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला.

तर आज सकाळी मी ते "चालेल" पुसून टाकलं. कळवलं, की परतबोल ऐच्छिक होणार नाही, आणि करायचाच असेल तर तो माझ्या हातून होणार नाही. ज्यांना कळवलं, ते कंपनीचे साहेब इथे पहिल्या रांगेत आहेत. साहेब, शोकसभेत बोलणाऱ्याला कुणी थांबवत नाही, त्याचा मी फायदा घेतेय. रागावू नका. तुमचं उत्तर मला गाडीतच मिळालं. तुम्ही लिहिलंय, "ओके."

साहेब, नाना असते तर तुम्हालाही म्हणाले असते, "ओके म्हणू नका. काय ऐकलंत ते सांगा."

...

अहो, उभे राहिलात? हा घ्या माइक.

...

बरं. आता मी परत म्हणते, ऐका. साहेब म्हणाले, "सोमवारपासून सगळ्या सबस्टेशनला परतबोल राहील. खांबावरच्या माणसाचा आवाज आल्याशिवाय लाइन चालू होणार नाही." बरोबर ऐकलं ना मी? मान हलवू नका, साहेब. माइकवर.

...

झालं. बसा साहेब. तुमचे उपकार. हसा हो सगळे, हसायला हरकत नाही. नानांना रडकी सभा आवडली नसती.

नाना, तुम्ही म्हणालात, नियम दे. मी ऐकलं ते असं: माणूस आधी, लाइन नंतर. उशीर झाला मला परत म्हणायला. पण म्हटलं.

आता आपण सगळे नानांसाठी शांत उभे राहू या. दोन मिनिटं म्हणणार नाही मी. घड्याळ कुणी बघू नका. ही शांतता हिरामणभाऊंच्या नावावर घेऊ. जो घेतो, तोच परत करतो. तुम्ही "झालं" म्हणाल, तेव्हाच आम्ही बसू.

हिरामणभाऊ, घाई नाही. तुमचा आवाज येईपर्यंत आम्ही उभे आहोत.